देवराईचा अभिमान, सह्याद्रीचा लिलाव

‘हॉटस्पॉट’ हा शब्द अलीकडे सह्याद्रीच्या संदर्भात वारंवार कानी पडतो. पर्यटनाच्या पत्रकात तो असतो, पाठ्यपुस्तकात असतो, मंत्र्यांच्या भाषणात तर हमखास असतो. आणि तो उच्चारताना एखादे पारितोषिक मिळाल्याचा आनंद वक्त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. या आनंदाला अज्ञानाखेरीज दुसरे नाव नाही. ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये ही संकल्पना मांडली आणि २००० साली तिच्या दोन कसोट्या निश्चित झाल्या. जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पतींच्या किमान १५०० जाती त्या प्रदेशात असाव्यात, ही पहिली. त्या प्रदेशातील मूळ वनसंपदेपैकी किमान ७० टक्के नष्ट झालेली असावी, ही दुसरी. पहिल्या कसोटीचा उल्लेख सगळेच करतात. दुसरीचा कोणीही करीत नाही. एखाद्या संपन्न घरातील सत्तर टक्के दागिने चोरीस जावेत आणि पोलिसांनी केलेला पंचनामा घरमालकाने सन्मानपत्र म्हणून दिवाणखान्यात टांगावा, तसा हा प्रकार आहे.

जगात अशी ३६ क्षेत्रे आहेत. श्रीलंकेसह आपला पश्चिम घाट, म्हणजेच सह्याद्री, त्यांपैकी एक. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही पर्वतरांग सहा राज्यांना कवेत घेते. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या तिन्ही नद्या तिच्या कुशीत जन्मतात. स्नानाच्या वेळी ज्या नद्यांची नावे आपण घेतो, त्यांतील दक्षिणेच्या नद्यांचे माहेर हे. २०१२ मध्ये युनेस्कोने या रांगेतील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रातील आहेत.

या डोंगरात किती जुने जीवन नांदते, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एका जांभळ्या बेडकाचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्राणी जवळजवळ सारे वर्ष जमिनीखाली काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोजके दिवस प्रजननासाठी वर येतो. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आढळले ते दूर हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर! भारताची भूमी आणि ती बेटे एकसंध होती, त्या डायनासोरांच्या काळापासून ही वंशशाखा अखंड चालत आली आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या शास्त्रीय नावात संस्कृतातील ‘नासिका’ घेतली आणि आपला ‘सह्याद्री’ही घेतला. नाव अजरामर झाले. ज्याच्या नावाने झाले, तो सह्याद्री मात्र तुकड्यातुकड्यांनी विकला जात आहे.

राईने राखले ते

‘निसर्गरक्षण आम्हाला पाश्चात्त्यांनी शिकवू नये, ते आमच्या रक्तातच आहे’, हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते. वाक्य खोटे नाही. पण ते कशामुळे खरे होते, याचा विचार करण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे श्री भालांडेश्वराची राई आहे. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. या राईत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांचे पाणथळ जंगल उभे आहे. चिखलात प्राणवायू मिळत नाही म्हणून या वृक्षांची मुळे दुमडलेल्या गुडघ्यांसारखी पाण्याबाहेर डोकावतात. अतिप्राचीन अशा या वनप्रकाराचे तुरळक तुकडे केरळ, कर्नाटक आणि गोव्यात उरले आहेत. बाकीचे भातखाचरांनी आणि सुपारीच्या बागांनी कधीच गिळले. बांबर्ड्याचा हा तुकडा वाचला, कारण ती जमीन देवाची होती आणि देवाच्या जमिनीतील काडीही घरी न्यायची नाही, हा गावाचा दंडक होता. शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. गावाने ही घोषणा शतकानुशतके आधीच केलेली होती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईची कथाही हीच.

आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमावर महादेवाचे स्थान आहे. तेथील कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली आणि तिला नदीचेच नाव मिळाले. २०२१ मध्ये तेही स्थळ वारसा म्हणून जाहीर झाले. देवस्थानाच्या आश्रयाला एक संपूर्ण जीवजाती राहत होती, आणि कुंडाकाठी हात जोडणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांना तिचे शास्त्रीय नाव ठाऊक असण्याची गरज पडली नव्हती.

महाराष्ट्रात अशा अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक या दोन अभ्यासकांनी त्या पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे मांडल्या. वाघजाई, काळकाई, सोमजाई, सातेरी, रवळनाथ यांच्या नावाने राखलेल्या या रायांत धनेशाला घरटे करण्याजोगे शेकडो वर्षांचे वृक्ष उरले. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिलांच्या संगोपनाच्या काळात नर एका फटीतून तिला फळे भरवतो. एवढी मोठी ढोली वीस वर्षांच्या झाडाला नसते. धनेश हवा असेल तर आजोबांच्या आजोबांनी न तोडलेले झाड हवे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. देवराई केवळ श्रद्धेवर टिकली नाही. श्रद्धेच्या जोडीला गावाचा निर्णय होता. झाड तोडायचे तर देवाचा कौल लावावा लागे आणि कौल चारचौघांत लागे. दंडक मोडणाऱ्याला गावापुढे जाब द्यावा लागे. श्रीमंताला एक नियम आणि गरिबाला दुसरा, असे चालत नसे. श्रद्धा, सामूहिक निर्णय आणि सर्वांना सारखा दंडक या तीन खांबांवर राई उभी होती. आज आपण पहिल्या खांबाचे गुणगान करतो आणि उरलेले दोन खांब खाली ओढतो.

राज्यकारभारातही हाच विवेक होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले आज्ञापत्र हे शिवछत्रपतींच्या राजनीतीचे सार मानले जाते. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडाची चर्चा आहे. स्वराज्याचे आरमार म्हणजे राष्ट्ररक्षणाचा विषय. त्याहून मोठी निकड कोणती? तरीही तेथे बजावले आहे की, आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. राष्ट्ररक्षणाच्या कामीही रयतेची संमती आणि झाडाचे वय पाहणारे ते राज्य होते. आज एखाद्या दगडखाणीसाठी जेवढी घाई होते, तेवढी त्या राज्याने युद्धनौकेसाठीही केली नाही.

परकीय कायदा, स्वकीय लोभ

ही घडी विस्कटली कशी? ब्रिटिशांनी १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलांची मालकी सरकारकडे घेतली. रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते, जहाजांना सागवान हवे होते. ज्या रानातून लाकूड मिळते ते ‘राखीव’ आणि ज्यातून महसूल मिळत नाही ते ‘पड’, अशी सरळ वाटणी झाली. गावाचे राखणदारपण संपले; डोंगरकोळी, ठाकर, कातकरी, धनगर आपल्याच रानात उपरे ठरले. जे आपले राहिले नाही, ते राखावेसेही वाटेना.

हा इतिहास खरा आहे. पण त्याच्या आड लपण्याची मुदत केव्हाच संपली. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १९२७ चा वनकायदा आपण आजही वापरतो. आणि ‘पड’ हा शब्द तर आपण त्यांच्याहून उत्साहाने वापरतो. कोकणातील सडे आणि कासचे पठार पाहा. वरून उघडा कातळ दिसतो. पण पावसाळ्यात याच कातळावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, वायतुरा यांचे ताटवे फुलतात. यांतील कित्येक वनस्पती जगाच्या पाठीवर केवळ सह्याद्रीतच आहेत. कातळाच्या खळग्यांत साठणारे पाणी झिरपून पायथ्याच्या विहिरी जिवंत ठेवते. महसुली दप्तराच्या लेखी मात्र ही जमीन निरुपयोगी. निरुपयोगी म्हटले की खाण आली, प्लॉट आले, कारखाना आला. सातबाऱ्यावरील एक शब्द पठाराचे भवितव्य ठरवतो, आणि तो शब्द आपल्याला परक्यांनी शिकवलेला आहे. वैचारिक गुलामगिरीचे याहून ठसठशीत उदाहरण कोणते द्यावे?

दोन तीस जुलै

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने डॉ. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. ऑगस्ट २०११ मध्ये तिने अहवाल दिला. सारा घाटप्रदेश संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी कराव्यात आणि अंतिम सीमारेषा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, अशी त्या अहवालाची दिशा होती. म्हणजे देवराईचाच नियम नव्या भाषेत! झाले काय? अहवाल दडवून ठेवला गेला. माहितीच्या अधिकाराची लढाई न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर ‘हा अहवाल लागू झाला तर शेती बंद होईल, घरे उठतील’ अशी भीती गावोगाव पोहोचलेली होती. अहवालाच्या आधी अफवा पोहोचावी, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची होती, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

मग डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट बसला. एप्रिल २०१३ मध्ये त्याने संरक्षित करावयाचे क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. मार्च २०१४ मध्ये केंद्राने पहिला मसुदा काढला. राज्यांनी गावे वगळण्याचा धोशा लावला. पहिल्या मसुद्यापासून दहा वर्षांत एकूण सहा मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ चा. त्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होते, पैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील.

या सहाव्या मसुद्याच्या आदल्या दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्या दरडीखाली गेल्या. दोनशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या वैथिरी तालुक्यात हे घडले, तो गाडगीळ अहवालात सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत होता. आणि त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातील माळीण गाव झोपेतच गाडले गेले होते. १५१ जणांचे प्राण गेले. मध्ये २०२१ साली तळिये झाले, २०२३ साली इर्शाळवाडी झाली. दोन तीस जुलैंमध्ये दहा वर्षे होती, चार नवे मसुदे होते. अंतिम आदेश नव्हता.

प्रत्येक दरडीला माणूसच कारणीभूत असतो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इर्शाळवाडीला धड रस्ताही नव्हता. पावसाचे स्वरूप बदलले आहे. चार दिवसांचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. पण म्हणूनच उताराला धरून ठेवणाऱ्या मुळांची, पाणी जिरवणाऱ्या सड्यांची आणि वेळीच सावध करणाऱ्या नकाशांची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पाऊस आपल्या हाती नाही. उतार कापणारे यंत्र आपल्या हाती आहे.

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप: संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले की शेतकरी देशोधडीला लागेल. मसुद्यात बंदी कशावर आहे, हे कोणी वाचले आहे काय? खाण, दगडखाण आणि वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, सर्वाधिक प्रदूषण करणारे ‘लाल’ श्रेणीतील उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामे, ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या वसाहती. कोणत्या शेतकऱ्याचे घर २०,००० चौरस मीटरचे असते? नाचणी पेरण्यावर बंदी नाही, जमिनीच्या मालकीला धक्का नाही. भीती शेतकऱ्याच्या तोंडी घातली गेली. ती ज्याची होती, तो खाणमालक आणि भूखंडांचा व्यापारी पडद्यामागे राहिला.

दुसरा आक्षेप: विकास थांबेल. केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंती नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना होती. स्थानिक परंपरा त्या रानाला सैरंध्रीवन म्हणते. पांडवांच्या वनवासाची आठवण त्या नावात आहे. शिक्षक, कवी आणि शास्त्रज्ञ एकत्र आले; १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. केरळ काही अंधारात बुडाले नाही. सिंहपुच्छ वानराचे ते घर मात्र कायमचे वाचले. धरण दुसरीकडे बांधता येते, वीज दुसऱ्या मार्गाने मिळते. बुडालेले सदाहरित वन कोणत्याही निविदेतून परत मिळत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच परिवारात अधिक ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. पर्यावरणाची भाषा बोलणारे सारे विकासविरोधी आणि परकीय पैशांवर पोसलेले, असा एक सोयीस्कर शिक्का तयार आहे. कोठे परकीय हितसंबंध असतील, तर ते कायद्याने शोधावेत, शिक्षा करावी. त्यात दुमत नाही. पण भालांडेश्वराची राई राखणाऱ्या हेवाळे-बांबर्ड्याच्या ग्रामस्थांना कोणत्या परदेशी संस्थेने पैसे दिले होते? उगमावर महादेवाची स्थापना करणाऱ्यांचे बँकेचे खाते कोणत्या देशात होते? मुळात, स्वदेशाची माती, स्वदेशाचे पाणी आणि स्वदेशाचे वन राखणे हे राष्ट्रकार्य नसेल, तर राष्ट्र या शब्दात उरते काय? देशाची सीमा इंचभरही सरकू नये म्हणून प्राण पणाला लावणाऱ्या समाजाने देशाचा डोंगर डंपरने वाहून जाताना तटस्थ राहावे, ही विसंगती असह्य आहे.

वाघजाई आहे, वाघ कुठे?

कोकण आणि गोव्यात वाघबारस साजरी होते. वाघ्रोची शिळा आहे, वाघजाईची राई आहे. आणि जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. पाळीव जनावर मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. ज्याची म्हैस गेली, त्याचा संताप समजण्यासारखा आहे. भरपाईसाठी कचेरीचे उंबरठे झिजवायला लावणारी व्यवस्था त्या विषात अर्धी भागीदार असते. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्रप्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने काय केले? आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

वाघाला संपूर्ण सह्याद्री सलग हवा असतो. कर्नाटकातील काळी व्याघ्रप्रकल्पापासून म्हादई, तिलारी, आंबोली, राधानगरी, चांदोली, कोयना अशी ही वाट आहे. दक्षिणेकडून स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या नर वाघांची छायाचित्रे सह्याद्री व्याघ्रप्रकल्पातील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने ताडोबाहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. हा उपक्रम स्तुत्यच. पण वाघीण वाहनातून आणता येते; वाट वाहनातून आणता येत नाही. आणि वाटेची अवस्था काय आहे? सावंतवाडी-दोडामार्ग हा या वाटेचा अरुंद गळा. तेथे रबराच्या लागवडीसाठी डोंगरच्या डोंगर साफ झाले. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीतील साठलेले पाणी फुटून चिखलासह गावात शिरले. वृक्षतोडीला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये या पट्ट्यातील गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. दोन्ही वेळा लोकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, कारण शासनाचे दार बंद होते.

वाघाचे सोडा, भीमाशंकरचा शेकरू घ्या. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. हा झाडावरून झाडावर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी भिडलेली असेल तोवरच त्याचे राज्य. रानातून रुंद रस्ता काढला की शेकरूसाठी तेथे भिंत उभी राहते. रस्ता तीर्थाला जातो म्हणून डोंगराला तो हलका होत नाही. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग त्या वनासह ज्योतिर्लिंग आहे. वाहनतळाच्या मध्यभागी उभे राहिलेले देऊळ तेवढेच पावन राहील काय, हे भाविकांनीच ठरवावे.

आपल्या अंगणातील दोष

सरकार, खाणमालक, न्यायालये यांच्याविषयी बोलणे सोपे. आता आपल्याविषयी बोलू.

देवराया कोणी तोडल्या? कित्येक ठिकाणी देवाच्याच भक्तांनी, देवाच्याच नावाने. मुंबई-पुण्यात नोकरी करणारे गावकरी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार समिती स्थापन होते, कौलारू देऊळ पाडून सिमेंटचा सभामंडप, रंगीत फरशी आणि लोखंडी कमान उभी राहते. पैसा कमी पडला की राईतले चार जुने वृक्ष ‘धोकादायक’ ठरतात. ज्या देवाला सभामंडपाची गरज कधी वाटली नव्हती, त्याचे छत्र तोडून त्याला छत दिले जाते. याला जीर्णोद्धार म्हणावे की विस्थापन?

‘निसर्गाच्या सान्निध्यात स्वतःचे घर’ या जाहिराती कोणासाठी असतात? मुळशी, मावळ, महाबळेश्वर, दापोलीच्या उतारांवर टप्पे पाडून विकले जाणारे भूखंड घेतो कोण? आपल्यासारखाच सुशिक्षित, सश्रद्ध, पहाटे उठल्यावर भूमीला पाय लागतो म्हणून तिची क्षमा मागणारा मध्यमवर्गीय. वर्षातून पंधरा दिवस राहण्यासाठी कापलेला डोंगर उरलेले साडेअकरा महिने पायथ्याच्या वस्तीच्या डोक्यावर टांगलेला असतो.

आणि वृक्षारोपण! दर पावसाळ्यात शाखाशाखांतून, शाळाशाळांतून, मंडळांतून हजारो रोपे लावली जातात. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. पण कोणती रोपे, कोठे लावली, याची चौकशी होते काय? ऑस्ट्रेलियातून आलेली अकेशिया आणि निलगिरी, मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांनी आपले डोंगर भरले. या झाडांनी आपल्या मूळ रानाची जागा भरून निघत नाही. सड्यावर खड्डे घेऊन झाडे लावणे म्हणजे तर तेथील फुलांच्या जगावर नांगर फिरवणे होय. शंभर रोपे लावल्याचे छायाचित्र छापून येते. तीनशे वर्षांचा एक बेहडा न तोडल्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. सह्याद्रीला आज लावणाऱ्यांपेक्षा राखणाऱ्यांची गरज अधिक आहे.

करावयाचे काय?

केवळ खंत व्यक्त करणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. मार्ग आहेत, आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे. आपल्या गावची नोंदवही मागून पाहावी. त्यात देवराईची सीमा, तिच्यातील वृक्ष, झरे आणि पक्षी यांची नोंद आहे की नाही, ते तपासावे. नसेल तर जाणती म्हातारी माणसे आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी यांना एकत्र बसवून ती करावी. याच कायद्याने बांबर्डे आणि हिरण्यकेशीला संरक्षण मिळाले. आपल्या राईलाही मिळू शकते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवरायांसंबंधी निर्णय देताना त्यांचे सर्वेक्षण करून वन म्हणून संरक्षण देण्याचा आदेश राज्याला दिला आणि देशभरातील देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे, असे सुचविले. या निर्णयाचा आधार घेऊन महाराष्ट्रातही मागणी व्हायला हवी.

जीर्णोद्धार समितीत आपले कार्यकर्ते असतातच. त्यांनी पहिला ठराव असा करावा: राईतील एकही जिवंत वृक्ष कामासाठी तोडला जाणार नाही आणि बांधकाम मूळ चौथऱ्याबाहेर जाणार नाही. वृक्षारोपण करणाऱ्या मंडळांनी स्थानिक जातींचीच रोपे घ्यावीत आणि सडे मोकळे सोडावेत. डोंगरउतारावरचा भूखंड घ्यायला निघालेल्या नातेवाइकाला घरातच थांबवावे. आणि संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, त्यावर गावाने आपले मत नोंदवावे आणि शासनाने अंतिम आदेश काढावा, ही मागणी पक्षभेद बाजूला ठेवून करावी. सत्तेवर आपल्या विचाराचे लोक असतील, तर ही मागणी अधिक मोठ्या आवाजात करावी. कारण परक्याकडून अपेक्षा नसते, स्वकीयाला जाब विचारायचा असतो.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. डोंगरपट्ट्यातील आपल्या मूळ गावी येत्या ग्रामसभेला हजर राहून देवराई राखण्याचा ठराव मांडणे, याला ना निधी लागतो, ना पद. ठराव वाचून दाखवताना कोणी तरी उठेल आणि विचारील, ‘राईतली चार झाडे काढून सभामंडप होत असेल तर बिघडले काय?’ त्या प्रश्नाला उभे राहून उत्तर देणारा एक माणूस प्रत्येक गावात निघाला पाहिजे. पूर्वी तो निघत असे, म्हणून आज आपल्याकडे अभिमान बाळगण्याजोगे काही शिल्लक आहे.